सुटलेला क्रँक आणि अडकलेला गुडघा

इमारतीच्या मागच्या आवारात एवढी गर्दी पाण्याचा पंप जळाला तेव्हाही जमली नव्हती. लोक खिडक्यांतून लोंबकळत होते, दोघेजण कचऱ्याच्या डब्यावर चढले होते, आणि मधोमध विमा कंपनीतला एक अधिकारी सायकलवर गोल गोल फिरत होता.

"सुटो, सुटो, बंध तुटो!" तो घामाघूम होऊन म्हणत होता.

"उभा राहून मार, बाळ!" मोकळेबाबा डोळे मिटून ओरडले. "सगळा भार पायांत जाऊ दे! कर्माचा भार! जन्मोजन्मीचा भार!"

आणि खट् झालं. डावं पायडल लटपटलं. बाबांनी सायकल थांबवली, पायडलची दांडी, म्हणजे सायकलवाले जिला क्रँक म्हणतात ती, दोन बोटांनी धरली आणि अलगद काढून हवेत उंच धरली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

तळमजल्यावरच्या दवाखान्यातून दातांच्या डॉक्टरीणबाई हे पाहत होत्या. त्यांना पाहणं भागच होतं. खुर्चीतला पेशंट उघड्या तोंडानिशी उठून खिडकीशी गेला होता, आणि सायकलवरचा अधिकारी त्यांचा नवरा होता.

हा नवरा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात होता. कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्याला पगार मिळे. सायकलच्या मधल्या बेअरिंगमधून कुरकुर ऐकू यायला लागली, तेव्हा ते बदलण्यासाठी त्याने क्रँक काढायला घेतला. बोल्ट काढला, क्रँक ओढायचं अवजार आणलं, पण आतला वॉशर, म्हणजे बोल्टखालची चकती, काढायला विसरला. अवजार नीट बसलं नाही आणि क्रँकचे आटेच गेले. मग हातोडी झाली, उकळतं पाणी झालं, शेवटी शिव्या झाल्या. क्रँक ढिम्म. हरून त्याने बोल्ट परत पिळून बसवला. तेवढ्यात शेजारणीने मोकळेबाबांचं नाव सुचवलं. म्हणे, अडकलेलं काहीही ते मोकळं करतात.

आता शेजारीण खरी ठरली होती. लोक घरातून कुकरची झाकणं, गंजलेली कुलपं घेऊन आले. एका काकूंच्या बोटात अंगठी रुतली होती. वरच्या मजल्यावरचे काका बाबांच्या कानाशी लागले, "महाराज, भाडेकरू निघत नाहीये. त्याच्यावर काही आहे का?"

इथवर गंमत होती. पण मग डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांचा उजवा गुडघा वर्षभर सरळ होत नव्हता. बरीच वाट पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती आता तोंडावर आली होती.

बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. "माउली, लोखंड सोडलं, मग हाड कसं धरून बसेल? उद्या सकाळी आधी फेऱ्या, मग मी एक झटका देईन. एकच!"

डॉक्टरीणबाईंच्या हातातला आरसा तसाच राहिला. सासूबाईंची हाडं किती ठिसूळ झाली आहेत, ते त्यांनी एक्स-रेमध्ये पाहिलं होतं. त्या एका झटक्यात म्हातारी कायमची अंथरुणाला खिळली असती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंनी हुकूम सोडला, "उद्या त्या हॉस्पिटलला फोन करून टाक. म्हणावं, माझी तारीख दुसऱ्या कुणाला द्या."

"आई, अहो सर्जन म्हणाले होते..."

"तुझा सर्जन कापणार. हा नुसता हात लावणार."

"मी स्वतः साक्षीदार आहे," नवरा म्हणाला. "हातोडी हरली गं!"

"बरं, साक्षीदार. फेऱ्या मारायच्या आधी बाबांनी काय काय केलं?"

"मंतरलेलं तेल सोडलं. मग क्रँकचा बोल्ट काढून झोळीत टाकला. म्हणाले, हा तुझा अहंकार, हा आता माझ्याकडे."

"आणि वॉशर?"

"तोही. तो म्हणाले मोह."

डॉक्टरीणबाई भाजी चिरता चिरता थांबल्या. दुपारीच त्यांनी एक हट्टी दाढ काढली होती. सुरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आई, उद्या बाबांनी माझ्यासमोर एकदा हा क्रँक पुन्हा सोडवावा. आपल्या अटीवर. सोडवला, तर हॉस्पिटलला मी स्वतः फोन करते."

"शब्द?"

"शब्द."

नवऱ्याने क्रँक परत ठोकून बसवला. नवा अहंकार सायकलच्या दुकानात सहज मिळाला, मोहासकट. दोन्ही घट्ट पिळून बसवले.

सकाळी गर्दी दुप्पट होती. बाबांनी तेल सोडलं आणि सवयीने पाना हातात घेतला.

"बोल्ट राहू द्या, महाराज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मंत्राने सुटतो ना? मग बोल्टासकट सुटू दे."

"मुली, अहंकार काढल्याशिवाय मंत्र आत शिरणार कसा?"

"हातोडीला जमलं नाही ते काल करून दाखवणारा मंत्र, आणि एवढ्याशा बोल्टाला घाबरतो?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना नाही म्हणता येईना. नवरा फिरू लागला. बंध तुटो, बंध तुटो. बंध तुटेना. बाबा म्हणाले, अश्रद्ध नजर आडवी येते आहे. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. नवरा धापा टाकत उतरला तरी क्रँक जागच्या जागी.

"आता माझी पाळी," म्हणत त्यांनी बोल्ट आणि वॉशर काढून खिशात टाकले, ओढणी कमरेला खोचली आणि सायकलवर चढल्या. मंत्र येत नसल्यामुळे त्या "पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ!" असं घोकत उभ्याने पायडल मारू लागल्या. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग आवाज आला तो कालचाच. खट्! क्रँक हाताने उपसून त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"हे भोक पाहा, आई. चौकोनी आहे आणि आत निमुळतं होत जातं. आसाचं टोकही तसंच. बोल्ट त्याला आत दाबून धरतो. बोल्ट काढला आणि जोर देत सायकल चालवली, की प्रत्येक पावलाला दांडी जराशी हलते. हलून हलून सैल होते. दाढही मी ओढून काढत नाही, आधी हलवत राहते. आणि तेल म्हणाल तर गंज सोडवायचं आहे. वास घ्या. त्याच दुकानात मिळतं."

"म्हणजे पाहा!" बाबा गर्दीकडे वळले. "माझी विद्या दातांनाही लागू पडते!"

सासूबाईंनी क्रँक उलटसुलट करून पाहिला.

"महाराज, माझ्या गुडघ्यात बोल्ट कुठे आहे?"

"तो सूक्ष्म असतो, माउली."

"मग आधी तो काढून दाखवा. झटक्याचं मागाहून बघू."

बाबांना अचानक दुसऱ्या गावच्या भक्तांची आठवण झाली. भाडेकरूवाले काका फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावले, पण बाबा तेवढ्यात पूर्ण मोकळे झाले होते.

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मला कापण्याची भीती नाही. भूल दिल्यावर जागच आली नाही तर?"

"हे तुम्ही मला कधी बोललाच नाहीत."

"हसली असतीस."

"नसते हसले. हाच प्रश्न सर्जनना विचारा. तुमच्या वयाच्या किती जणींना त्रास झाला, काय काळजी घेणार, सगळं विचारा. नीट सांगितलं तर ठीक. विचारल्याबद्दल चिडले, तर उठून येऊ आणि दुसरा डॉक्टर पाहू. मी काही सांगितलं तरी असंच विचारा."

वाचकहो, यापलीकडे आम्हालाही काही सांगायचं नाही. डोळ्यांदेखत काही घडलं तर ते का घडलं, आणि यातलं काय वगळलं तर घडणार नाही, हे विचारून पाहा. त्याला पदवी लागत नाही. चारचौघांत थोडं वाईट दिसण्याची तयारी मात्र लागते.

सासूबाई काठी टेकत उठल्या.

"फोन लाव त्या हॉस्पिटलला," त्या म्हणाल्या. "तारीख तीच ठेवा म्हणावं. आणि दे इकडे, मीच बोलते. मला बरंच विचारायचं आहे."