आण्णांचा नंबर

टेंपो माझा, राबणूक माझी, आन् त्याच्या कागदाला कुलूप कुणाचं, तर हंबीरराव आण्णांच्या मोबाईलचं. ऐकणारी माणसं हसत्यात. मला न्हाय हसू येत. माझं डोकं अजून तापलेलं हाय.

मी ललिता. आमच्या गावच्या दूध संस्थेतनं कॅन भरते आन् मुरगूडच्या पलीकडं शीतकेंद्रात उतरवते. दोन टायमाला दोन फेऱ्या. बौद्धवाड्यातला पहिला टेंपो आमचा, यल्लाप्पानं घेतलेला. माझा नवरा. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आन् गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आन् दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टेअरिंग धरलं. लायसन त्यानंच हट्टानं काढून दिलतं. लोकांनी तोंडं वाकडी केली, करू देत. कुणाचं दूध नासलं न्हाय.

आता जिल्ह्याच्या दूध संघानं फतवा काढला. गाडी चालवणाऱ्याच्या नावावरच पायजे, तिच्यावर कसला कर्जाचा बोजा नको, आन् तसा अर्ज केल्याची पावती तीस तारखेच्या आत. न्हायतर रूट दुसऱ्याला. टेंपो अजून यल्लाप्पाच्या नावावर, आन् कर्ज फिटून दोन वर्षं झाली तरी आरटीओच्या कंप्युटरात पतसंस्थेचा बोजा तसाच. फिटल्याचं पत्र ट्रंकेत जपून ठेवलेलं. पूर्वी आरसी बुकावर शिक्का बसला की काम व्हायचं. आता सगळं आनलाईन.

मुरगुडात आकारामचं कंप्युटर सेंटर हाय, तिथं गेले. त्यानं गाडीचा नंबर टाकला, दोन बटणं दाबली आन् म्हणाला, वैनी, ओटीपी गेला, सांगा. माझा फोन गप्प. मग त्यानं स्क्रीनवर दाखवलं. नोंदवलेल्या मोबाईलचं शेवटचं चार आकडे, ४४१७.

हा नंबर आमच्या गावात शेंबड्या पोरालाबी पाठ हाय. संस्थेच्या भिंतीवर लाल रंगात लिवलाय. हंबीरराव आण्णा, संस्थेचे सेक्रेटरी. गावात रीतच पडलेली. गॅस असो, बँक असो, गाडी असो, जिथं नंबर मागतील तिथं आण्णांचा टाकायचा. त्यांचा फोन कधी बंद नसायचा, आन् आमच्यातल्या निम्म्यांकडं तेव्हा फोनच नव्हता. यल्लाप्पानंबी टाकला. वर घरी येऊन मला कौतुकानं सांगितलं, आण्णा नको म्हणाले न्हाईत. असा भोळा माणूस. त्याच्यावरबी मला राग येतो, आन् राग आला की रडू येतं, मग अजून राग येतो.

आकाराम म्हणाला, एकच ओटीपी मिळवा. त्यावर तुमचा नंबर चढवतो. मग बोजा उतरवायचा मेसेज, नाव बदलायचा मेसेज, सगळं तुमच्याच फोनवर.

आण्णांकडं गेले. च्या पाजला, यल्लाप्पाची आठवण काढली, डोळंबी पुसलं. मी तिथनं आकारामला फोन केला, त्यानं ओटीपी पाठवला. आण्णांनी खिशातनं फोन काढला, लांब धरून बघितला, म्हणाले, आला न्हाय बघ. परत पाठवला. आला न्हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले रेंज न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाले उद्या ये. माणूस मोठा, वयानं बापासारखा, खोटं कशाला बोलंल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी बिनडोकच की!

अठ्ठावीस तारखेला फेरी मारून येताना आण्णांच्या दारात नवाकोरा टेंपो दिसला. बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. विश्वजित, त्यांचा पुतण्या, पेढं वाटत होता. मलाबी दिला, आन् म्हणाला, एक तारखेपासनं रूट आपल्याकडं. आयत्या बिळावर नागोबा! पेढा मी हातातच कुस्करला. गाडी सुरू केली आन् गियर असा टाकला की मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटले.

एकोणतीसला सांजच्या संकलनाला संस्थेत गेले. बायकांची रांग लागलेली. आण्णांची सून स्नेहल फॅट मशीनपाशी बसते, आकडा वाचून सांगते, सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट चार, रोज तोच एकसुरी आवाज. तिच्या शेजारी टेबलावर आण्णांचा फोन उताणा पडलेला. संघाचे फोन येतात म्हणून संकलनाला तो तिथंच असतो, हे मला ठावं होतं. मी रांगेतल्या पहिल्या बाईच्या, झुंबरबाईच्या मागं, टेबलाला चिकटून उभी राहिले. फोन कानाला लावला आन् आकारामला म्हणाले, टाक.

टिंग झालं. स्क्रीन उजळली. आण्णा वजनकाट्यापाशी होते, ते वळले. मी मोठ्यानं वाचायला लागले. सात, शून्य, तीन, आठ. तेवढ्यात आण्णांचा पंजा फोनवर आपटला.

"दुसऱ्याचा फोन वाचतीस? लाज हाय का तुला?"

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण त्या गिळल्या. दोन आकडे राहिले होते, आन् आकाराम कानात ओरडत होता, पुढं काय वैनी, वेळ जातोय. मी म्हणाले, "आण्णा, टेंपो माझा हाय. मेसेज माझा हाय. तुमचा फक्त डबा हाय."

झुंबरबाईनं कॅन खाली ठेवला आन् आण्णांच्या तोंडाकडं बघत राहिली. ते हात उचलंनात. मला कळलं, आता हे उचलायचे न्हाईत, उद्या तीस. नऊ महिने चालवलेला रूट डोळ्यांदेखत जाणार.

"दोन, सहा."

स्नेहल. मान वर न करता, फॅट वाचते त्याच आवाजात. आण्णांनी तिच्याकडं बघितलं. तिनं मशीनमधली बाटली बदलली.

मी आकारामला सांगितलं, दोन, सहा. एक मिनिट गेलं असंल, का चार, मला कळलं न्हाय. मग माझा फोन वाजला. माझा. आपला मोबाईल नंबर नोंदवला गेला आहे, असं लिवलेलं. मी ते दोनदा वाचलं. मग आकाराम म्हणाला, वैनी, आता बोजाचा अर्ज टाकतो, ओटीपी तुमच्याकडंच येईल.

आण्णा सुनेला म्हणाले, घरी चल, बघतो. आवाज बारीक होता, पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला.

मी स्नेहलजवळ गेले. तिच्यासाठी मला भ्या वाटलं, आन् त्यामुळं परत राग आला. तिला म्हणाले, कशाला पडलीस मधी, घरात राहायचंय तुला. तिनं पुढचा नमुना मशीनला लावला, झुंबरबाईला आकडा सांगितला, पाच पॉइंट नऊ. मग माझ्याकडं बघितलं.

"माझ्या स्कूटीवर त्यांचाच नंबर हाय," ती म्हणाली. "आन् माझ्या बँकेवरबी. आकारामचं सेंटर किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

संकलन आटपलं तसं मी तिच्यासाठी टेंपोचं शेजारच्या सीटकडचं दार उघडलं.