सव्वा महिन्याची खोली

"खिडकीला गोधडी ठोकू देऊ नको, बेटा," हाजराबी म्हणाल्या होत्या. "और दार पण. बाळंतिणीचं दार थोडं तरी उघडं पाहिजे."

मी हसले होते. आठवा महिना, नांदेडला माहेरी आलेली. शेजारच्या हाजराबी ब्लाउज शिवतात आणि गल्लीभर सल्ले देतात. आई म्हणाली, "त्यांचं काय मनावर घेतीस? वारं लागलं की जन्माचं दुखणं." मी बी.एस्सी. झालेली, तरी वाद घातला नाही.

मग सव्वा महिना तीच खोली. बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर, कानाला रुमाल, खिडकीला गोधडी. डोळे कमजोर होतात म्हणून फोनही काढून घेतलेला. ताटात शेपूची भाजी आली की दुपार झाली म्हणायचं.

बाराव्या दिवशी बाळाचा श्वास थांबल्यासारखा वाटला. थांबला नव्हता. पण त्याच्या छातीवर ठेवलेला उजवा हात मला उचलवेना. उचलला तर खरंच थांबेल, असं होऊन बसलं. डाव्या हातानं जेवायचे, झोप नाही. आई आल्यागेल्याला सांगायची, "लई शांत बाळंतीण. कुरकुर म्हणून न्हाई." शांत कसली? मी श्वास मोजत होते.

खोलीतून बाहेर आले तरी हात तिथंच. हाजराबींनी तो पाहिला आणि आमच्या ह्यांना, वैजनाथना, अर्धापूरला फोन लावला. "जवाईबापू, लातूरला न्या हिला. माझी भाची हाय, जेबा. संमोहनाची डॉक्टर."

"भानामती तर न्हाई ना करत?" हे म्हणाले. पण घेऊन गेले.

जेबा मॅडमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेर बाकावर बायका गप्पा मारत बसलेल्या.

"दार लावू?" मी विचारलं.

"मी लावत नाही."

"मग डोळे मिटू?"

"ते पण नको. बाळाकडंच बघ." मग माझ्या हाताकडं बघत म्हणाल्या, "वीस वर्षांखाली मी पण अशाच खोलीत होते. तिसऱ्या हप्त्यात ओरडायला लागले, तर बाहेरून कडी घातली. लेकरू काढून नेलं. हाजराखाला तेवढी दाराशी मशीन घेऊन बसायची. सुई खाली, सुई वर, असं म्हणत राहायची. त्या आवाजावर मी श्वास घेतला."

पुढं त्या संमोहन शिकल्या. डोळे मिटा, खोल उतरा, असं शिकवलं होतं. "पहिल्याच बाळंतिणीला तसं सांगितलं, ती किंचाळत उठली. तिला परत त्याच खोलीत मी ढकललं होतं. तेव्हापासून दार उघडं, डोळे उघडे. माझे गुरुजी हसले होते. आता त्यांचेच विद्यार्थी इथं शिकायला येतात."

मग आवाज संथ झाला. "हात उचलू नको. असू दे. फक्त मला सांग, हात छातीला उचलतो, का छाती हाताला?"

मी बघत राहिले. वर. खाली. बाकावरचं हसणं लांब गेलं. किती वेळ गेला कोण जाणे.

"छाती हाताला," मी म्हटलं, आणि रडले.

तिसऱ्या खेपेला हात माझ्या गुडघ्यावर होता. अजूनही दिवसातून चारदा परत जातो. खोली काही पुरती सुटलेली नाही.

आता लिहायचं कारण विशाखा. माझी कॉलेजातली मैत्रीण, लातूरजवळच्या मुरुडला माहेरी बाळंतीण आहे, तीन आठवडे झाले. फोन तिची आई, सरजाबाई, उचलते. "झोपली हाय. लई शांत हाय गं तुझी मैत्रीण. कुरकुर म्हणून न्हाई."

तेच शब्द. माझा हात लगेच बाळाच्या छातीवर गेला. मी कळवलं तशा जेबा मॅडम स्वतः गेल्या, तर सरजाबाईंनी दारातूनच परत लावून दिलं, "मोहिनीवाली नको आमच्या घरात." मी निघते म्हटलं की आई म्हणते, एवढ्या लहान लेकराला घेऊन कुठं फिरतीस.

तुम्ही मुरुडचे असाल, तिकडून जाणार असाल, तर बाळंतविडा घेऊन जा. त्याला कुणी नाही म्हणत नाही. सरजाबाईंचं घर विचारा. आत जाऊन बसा, दार ओढून घेऊ देऊ नका. आणि विशाखाचा हात कुठं आहे, तेवढं बघा.