डोलोनच्या चढावरची पैज

सायराकानला ती गाडी आवडली होती, आणि आवडल्याचं तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. मोटारबाजारात याहून मोठी चूक नाही. तिच्या नवऱ्याने, सोवेतबेकने, तिला दोनदा कोपरानं ढोसलं, पण ती आपली गाडीच्या दारावरून हात फिरवत उभी.

गाडी कोरियाहून आलेली, तीन वर्षं वापरलेली, छोट्या बांध्याची हायब्रिड एसयूव्ही. रंग मातकट हिरवा. विकणारा तिंचतिक त्यांच्याच अत-बाशी गावचा, त्यांच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला, तिला एजे म्हणजे ताई आणि सोवेतबेकला बैके म्हणजे दादा म्हणणारा. आता इथे बिश्केकला या धंद्यात होता.

"एजे, डोळे मिटून घ्या," तिंचतिक म्हणाला. "शंभर किलोमीटरला साडेचार लिटर. वर एक थेंब नाही."

"डोळे मिटून घ्यायला ती काय औषधाची गोळी आहे?" सोवेतबेकने विचारलं. "आणि साडेचार कुठे? इथे, या ताटासारख्या सपाट रस्त्यावर ना? आमच्या डोलोन खिंडीत चढव, मग सांग."

"बैके, चढावर थोडं जास्त जातं, पण उतारावर बॅटरी आपली आपण भरते की."

"उतारावर माझी गाडीसुद्धा फुकटच जाते. त्यासाठी बॅटरी नाही लागत."

त्याची गाडी म्हणजे जुनी जर्मन, त्यांच्या थोरल्या मुलीहून वयाने मोठी. तिचा एकूण एक स्क्रू सोवेतबेकने कधी ना कधी काढून परत बसवला होता. नवरा-बायको मधमाश्या पाळत. अत-बाशीचा तो पांढरा, लोण्यासारखा मध घेऊन सायराकान दर शनिवारी बिश्केकच्या बाजारात येई. गाडी ती चालवायची आणि शेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन सोवेतबेक बसायचा, कारण गाडी कुठे रुसेल याचा नेम नव्हता. या हिवाळ्यात ती चार वेळा रुसली, आणि चारही वेळा बाजार बुडाला. चौथ्या खेपेला बर्फात उभं राहून नवऱ्याच्या हातात पाने-पक्कड देताना सायराकानने मनाशी ठरवलं होतं, की आता बास.

"असं करू," ती म्हणाली. "तिंचतिक, गाडी दोन दिवस आमच्याकडे दे. मी ही घेते, हे आपली घेतील. दोन्ही टाक्या इथल्या पंपावर काठोकाठ भरायच्या, आणि अत-बाशीच्या पंपावर पुन्हा काठोकाठ. ओझंही सारखंच घ्यायचं. किती पिते ते दिसेलच."

तिंचतिकचा चेहरा जरा उतरला, पण शेजारधर्म आड आला. "एजे, फक्त आतून जपा. सीट अगदी कोऱ्या आहेत."

"आम्ही काय मेंढरं भरणार आहोत का तुझ्या गाडीत?" सोवेतबेक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्यांत साखरेची दोन-दोन पोती आणि रिकाम्या बरण्यांची खोकी चढली. टाक्या भरल्या. सोवेतबेकने आपल्या गाडीच्या चाकांत हवा जरा जास्तच मारून घेतली, टपावरचा लोखंडी कठडा काढून तिंचतिकच्या अंगणात ठेवला, आणि कोट काढून घडी करून सीटखाली सारला.

"कोटाने काय होणारे?" सायराकानने विचारलं.

"वजन," तो गंभीरपणे म्हणाला.

"काढलात तरी गाडीतच आहे ना तो!"

त्यावर त्याने काच वर केली.

तोकमोकपर्यंत रस्ता सपाट होता. सायराकान नेहमीसारखीच चालवत होती, ना घाई, ना कंजूषपणा. गावागावांतून गाडी हळू झाली की इंजिन गप्प व्हायचं, आणि मग फक्त चाकांची सळसळ ऐकू यायची. पहिल्यांदा तिला वाटलं बंद पडली, सवयीने नजर शेजारी पेटीकडे गेली. शेजारी कोणी नव्हतं. तोकमोकला दोघांनी रस्त्याकडेच्या भट्टीतले गरमागरम सामसे खाल्ले. समोसाच तो, पण तंदुरीतला आणि मेंढीच्या चरबीने ओथंबलेला. सोवेतबेकने दोन खाल्ले, तिसरा घेतला नाही.

"हेही वजनच का?" सायराकानने विचारलं.

"तू हसून घे," तो तोंड पुसत म्हणाला. "खिंडीत बघू."

बूमच्या घळीतून नदीच्या कडेकडेने वर चढताना हायब्रिडचं इंजिन जागं झालं ते पुन्हा झोपेना. पुढच्या पडद्यावरचा आकडा साडेचार सोडून पाच झाला, सहा झाला, साडेसातवर गेला. आरशात मागे सोवेतबेकची गाडी धूर सोडत येत होती, आणि तो गाणं म्हणत असावा असं त्याच्या डुलणाऱ्या मानेवरून वाटत होतं.

कोचकोर गावाच्या बाहेर रस्त्याकडेला एक म्हातारी उभी होती. डोक्याला पांढरा रुमाल, हातात गाठोडं, आणि दोरीला एक मेंढी.

सायराकानने गाडी थांबवली. म्हातारं माणूस रस्त्यावर उभं असताना पुढे निघून जायचं हे त्या मुलखात कुणाला सुचतही नाही.

"अत-बाशीला मुलीकडे निघालेय बाळा," म्हातारी म्हणाली. तिचं नाव उलजान; वयस्क बाईला तिकडे आदराने अपा म्हणतात. "नातवाला उद्या पाळण्यात घालायचंय. ही मेंढी त्यासाठी. बस घेईना हिला."

मागून सोवेतबेक येऊन पोचला, काच खाली करून बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद सायराकानने फार दिवसांनी पाहिला.

"घे ना, घे," तो म्हणाला. "पुण्य लागेल."

साखरेची पोती मागच्या सीटवर अपाच्या शेजारी गेली, डिकीत ताडपत्री पसरली, आणि मेंढीचे पाय बांधून तिला आत निजवलं. सायराकानने तिंचतिकचं स्मरण करून दरवाजा लावला.

सारी-बुलाकच्या पुढे चढ सुरू झाला तसं बर्फ पडू लागलं. मे महिना होता, पण डोलोनला महिने कळत नाहीत. खिंडीच्या थोडं अलीकडे एक मालट्रक घसरून रस्त्यावर आडवा झाला होता. त्याच्यामागे गाड्यांची रांग, आणि रांगेच्या शेपटाला हे दोघे.

गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं.

"मेली का गं?" उलजान अपाने दचकून विचारलं.

"नाही अपा, थांबली की ती गप्प बसते. बघा, ऊब येतेय ना?"

अपाने वाकून गरम हवेच्या झडपेपुढे हात धरला. "येतेय की! मेल्यावरही गरम आहे म्हणजे चांगल्या घरची दिसतेय."

अधूनमधून इंजिन आपलं आपण चालू व्हायचं, आत गरम करून पुन्हा गप्प व्हायचं. अपाने गाठोडं सोडून बोरसोक काढले, तळलेल्या कणकेचे छोटे चौकोन. सायराकानकडे मधाची एक बरणी उरली होती. दोघी बोरसोक मधात बुडवून खात बसल्या. मागे मेंढीसुद्धा शांत झाली.

सोवेतबेकने मात्र पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद केलं होतं. आधी त्याने सीटखालचा कोट काढला. मग टोपी कानांवर ओढली. मग हात काखेत घातले. सायराकानने आरशातून पाहिलं, खूण केली, ये. त्याने अंगठा दाखवला, मस्त आहे. काचेला आतून बर्फ धरलं तसा तो दिसेनासा झाला. ती जराशी घाबरली आणि दार उघडायला वळली, तेवढ्यात पलीकडचंच दार उघडलं.

"सहज आलो," तो दातांवर दात आपटत म्हणाला. "म्हटलं, अपाची चौकशी करावी."

"बस, बस रे," अपा म्हणाली. "नाक बघ कसं वांग्यासारखं झालंय. कुणावर रुसून बसला होतास?"

"पेट्रोलवर," सायराकान म्हणाली.

त्याने पाच बोरसोक खाल्ले, बोटं चाटली, पाय ताणले. हळूच एकदा झडपेला हात लावून पाहिला. त्याचा हात पुढच्या फळीवर दोनदा फिरला, काहीतरी उघडायला सापडतंय का ते बघावं तसा, आणि काही न सापडता मांडीवर परत आला. सायराकानने ते पाहिलं, पण तिला त्याचा अर्थ लागला नाही.

ट्रक बाजूला झाला, रांग हलली. खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी थांबवली. "कोचकोरपासून मी वाहिलं, आता इथून तुम्ही घ्या. अपा आणि मेंढी, दोन्ही."

"उतारावर ओझं बरंच असतं," तो म्हणाला आणि म्हातारीला आदराने हाताला धरून आपल्या गाडीत घेऊन गेला.

उतार लागला तसा पडद्यावरचा आकडा घसरू लागला, आणि सायराकानचा जीव भांड्यात पडला. बॅटरीची खूण वर चढत होती. नारिन गाव यायच्या आत ती बरीच पुढे निघून आली होती. गावाच्या पलीकडच्या पुलाजवळ तिने वाट पाहिली. सोवेतबेक उशिरा आला.

"काय झालं?"

"काही नाही, मेंढीला पाणी पाजलं."

अत-बाशीला पोचेपर्यंत बर्फाचा मागमूस नव्हता, ऊन तिरपं झालं होतं. पंपावर चारपाच ओळखीची माणसं होतीच, पैजेचं कळताच ती जवळ आली. आधी हायब्रिड भरली. पंपवाल्याने टाकीच्या तोंडापर्यंत पेट्रोल आणलं. एकवीस लिटर.

"साडेतीनशे किलोमीटरला एकवीस, म्हणजे शंभराला सहा," सायराकान म्हणाली. साडेचार नव्हे. पण डोलोन चढून, मेंढी घेऊन, बर्फात उभं राहून सहा. वाईट नव्हतं.

मग जुनी जर्मन भरली. आकडे फिरले आणि थांबले. एकोणीस.

माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी शिट्टी मारली. "सोवेतबेक बैके, ही गाडी विकू नका, संग्रहालयात ठेवा!"

सोवेतबेक हसला, पण त्याचं हसू कानांपर्यंत पोचलं नाही. सायराकान बघतच राहिली. तीस वर्षं ती याच गाडीच्या टाकीत पेट्रोल ओतत आली होती.

मागच्या काचेतून उलजान अपाने डोकं बाहेर काढलं. "बाळा," ती मोठ्याने म्हणाली, "त्या नारिनच्या दोस्ताकडे डब्याने ओतलंस ते धरलंस ना यात? नाहीतर हिशेब चुकेल तुझा."

मग पंपवाला जो हसायला लागला, तो नळी हातात घेऊन खाली बसला. बाकीचेही हसले. सोवेतबेक कपाळापासून मानेपर्यंत लाल झाला, आणि शेवटी त्यालाही हसू आवरेना.

"किती ओतलंत?" सायराकानने विचारलं.

"दहा... बारा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बारा."

अपाला आणि मेंढीला तिच्या मुलीच्या दारात सोडून दोघं घरी आली. सायराकान चिडली नव्हती, हे तिचं तिलाच नवल वाटत होतं. मधमाश्यांच्या पेट्यांच्या रांगेजवळच्या बाकावर ती त्याच्या शेजारी बसली. माश्या परतत होत्या.

"का केलंत असं? हरला असता तर काय झालं असतं?"

"त्या गाडीचं बॉनेट उघडून बघितलं मी सकाळी," तो म्हणाला. "वरून नुसतं काळं झाकण. तुला वाटेत काही झालं तर मी काय करणार? आणि काही झालंच नाही, तर मी शेजारी बसून तरी काय करणार? पेटी घेऊन?"

आता तिला खिंडीतला तो फिरणारा हात आठवला.

"तुम्ही पान्यांसाठी येता, असं मला कधीच वाटलं नाही हो," ती म्हणाली. "बूमच्या घळीत आज शेजारी कुणी नव्हतं, तर वाट सरता सरेना."

"खरंच?"

"आणि खोकी कोण उतरवणार? माझी पाठ बघितलीत का?"

मग दोघांनी तिथेच बसून सरळ विचार केला. पेट्रोलची बचत खरी होती, पण नुसत्या पेट्रोलवर गाडीची किंमत वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागली असती. तोवर बॅटरीच बदलायची वेळ यायची. सोवेतबेकने हे मांडलं तेव्हा सायराकानला ते नाकारता आलं नाही. तिने मग बुडालेले बाजार मोजले, रिकाम्या हाताने परत गेलेली गिऱ्हाइकं मोजली, त्याची दुखावलेली कंबर मोजली. ते सोवेतबेकला नाकारता आलं नाही.

"घेऊ," तो म्हणाला. "पण तिंचतिक सांगतो त्या भावाने नाही."

तिंचतिकला त्यांनी बिश्केकला जाऊन गाठलं. सोवेतबेकने बोलायला सुरुवात केली आणि सायराकान मुद्दाम गाडीकडे पाठ करून उभी राहिली. साडेचारचे सहा झाले हे त्याने सांगितलं, बॅटरी तपासून घेतली, मागच्या चाकांची झीज दाखवली. तिंचतिकने डिकी उघडून वास घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सोवेतबेकची मुद्रा बघून मिटलं. किंमत चांगली उतरली. जुनी जर्मन त्यांनी विकली नाही. उन्हाळ्यात पेट्या वरच्या कुरणात न्यायला तीच बरी, असं ठरलं.

ऑगस्टमध्ये नवा मध आला तेव्हा एकही शनिवार चुकला नाही. सोवेतबेक शेजारी बसून जायचा, आणि पडद्यावरच्या आकड्यांवरून बायकोला सूचना करायचा. "आता पाय काढ. काढ म्हणतो ना. बघ, भरायला लागली बॅटरी." बाजारात खोकी उतरवून झाली की आजूबाजूच्या दुकानदारांना जमवून हायब्रिड म्हणजे काय ते समजावून द्यायचा, आणि निम्मं चुकीचं सांगायचा. सायराकान मध तोलता तोलता ऐकायची, आणि गिऱ्हाइकाने मान वळवून पाहिलं की म्हणायची, "आमचे मालक आहेत. गाडी त्यांनीच पसंत केली."