'आणि' म्हणजे किती?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. मी आणि माझा जुळा भाऊ एकाच मोडक्या खुर्चीच्या पायातून जन्मलो. या घरच्या सुताराने आपल्या दोन मुलींसाठी आम्हाला कानशीने घासले आणि तापल्या खिळ्याने अंगावर ठिपके उठवले. तो चटका अजून आठवतो.

थोरल्या ताईची आमच्यावर माया होती. धाकटी चिंगी मात्र हरली की आम्हाला पलंगाखाली भिरकावून द्यायची.

एका वर्षी चिंगीची गणितात दांडी उडाली. फेरपरीक्षेतही नापास झाली असती, तर ती त्याच वर्गात राहिली असती आणि तिची जिवलग मैत्रीण पुढे गेली असती. पोरीच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा ताईने आम्हा दोघांना तिच्यापुढे ठेवले.

"दोन्ही फाशांवर सहा पडण्याची शक्यता किती?"

"याच्यावर एक षष्ठांश आणि त्याच्यावर एक षष्ठांश. म्हणजे एक तृतीयांश."

"बेरीज का केलीस?"

"हा आणि तो, म्हणून. दोन आणि दोन चार, तसं."

ताई हसली नाही. "मग दर तीन डावांत साधारण एकदा पडायला हवं. टाक बघू."

चिंगी टाकत राहिली. आमची हाडे खिळखिळी झाली, पण जोडीने सहा काही पडेनात.

"हे फासेच खोटे आहेत," चिंगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"फासे खरे आहेत गं, तुझा 'आणि' चुकलाय. याच्यावर एक पडला, तर त्याच्यावर काय पडेल?"

"एक ते सहा, काहीही."

"आणि याच्यावर दोन पडला तर?"

"तरी सहा तऱ्हा." चिंगी थबकली. "म्हणजे सहा सक छत्तीस. त्यात दोन्हीकडे सहा एकदाच. एक छत्तीसांश!"

"हा 'आणि' गुणाकाराचा. बेरीज 'किंवा'ला करायची. एकाच फाशावर पाच किंवा सहा, असं विचारलं तर."

फेरपरीक्षेत नेमके तसलेच उदाहरण आले. वरच्या वर्गात मैत्रिणीशेजारी जागा मिळाली, त्या दिवशी चिंगीने आम्हाला घरभर मिरवले. काय दिवस होते ते!

पुढे ताई नोकरीसाठी दूर गेली. जाताना तिने भावाला पर्समध्ये टाकले आणि मला चिंगीकडे ठेवले. आधी फोनवरून दोघींचे डाव रंगत. मग फोनच कमी झाले. आता मी खणात बटणे आणि संपलेल्या बॅटऱ्यांसोबत पडून असतो.

भावावर आज कोणता आकडा आहे, मला ठाऊक नाही. आम्हा फाशांना एकमेकांची खबर नसतेच. गणितासाठी ते चांगलेच, म्हणून तर तो गुणाकार चालतो. पण मित्रांनो, बहिणींनी असे राहू नये.