हॅटची कड

"थांबा," ऑर्व्हल स्टिडम म्हणाला आणि लिलावाचा भरधाव सूर त्याने मध्येच तोडला. "तिसऱ्या रांगेतले, निळा शर्ट. तुम्ही हॅटला हात लावलात. ही बोली आहे की निरोप?"

लाकडी बाकांवर हसू पसरलं. निळ्या शर्टातला तरुण व्यापारी गोरामोरा झाला. हॅटच्या कडेला त्याने बोट लावलं होतं ते बोली म्हणूनच. गुरांच्या बाजारात दुसरं कशासाठी लावणार? इथे तोंडाने बोली करणारा नवखा समजला जातो. कोणी भुवई उचलतो, कोणी तोंडातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो, बाकीचे हॅटच्या कडेला बोट लावतात, आणि वर बसलेल्या लिलाववाल्याने ते टिपायचं असतं.

"बोलीच आहे," तो पुटपुटला.

"मग ठीक. विचारलेलं बरं असतं." ऑर्व्हलने सूर पुन्हा धरला आणि तांबडी गाय रिंगणात एक फेरी मारून विकली गेली.

शेजारच्या म्हाताऱ्याने त्या तरुणाला समजावलं की मनाला लावून घेऊ नकोस, हा सगळ्यांनाच विचारतो, चाळीस वर्षांपासूनची ही त्याची सवय. का विचारतो ते मात्र म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेली माणसं मुळात चारच. त्यातली ऑर्व्हलची बायको व्हर्ना आणि हॉलिस टॅकेट आता मातीआड झाली होती. तिसरा खुद्द ऑर्व्हल. चौथा त्याचा मुलगा लाइल, जो बापाला घरी न्यायला आला होता आणि सगळ्यात वरच्या बाकावर बसला होता.

बक्स्टनच्या बाजाराचा हा शेवटचा लिलाव. पुढच्या आठवड्यापासून इथली गुरं मोठ्या शहरातल्या बाजारात जाणार होती. ऑर्व्हलने केव्हाच काम सोडलं होतं, पण मालकाने मुद्दाम गाडी पाठवून त्याला आणवलं. या बाजाराला आवाज तुमचा, मिटायचा तोही तुमच्याच आवाजात, असं तो म्हणाला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एवढं कोण म्हणतं? ऑर्व्हल हरखून गेला होता. पण गाय विकता विकता त्याची नजर सारखी वरच्या बाकाकडे जात होती, कारण आज त्याला लाइलला एक गोष्ट विचारायची होती, आणि आज विचारली नाही तर ती आपल्याबरोबरच जाणार हे त्याला कळून चुकलं होतं.

गोष्ट जुन्या एका उन्हाळ्याची होती. तेव्हा लाइल अठरा वर्षांचा होता आणि बेसबॉलच्या फेकीसाठी त्याचा डावा हात अख्ख्या ओक्लाहोमात गाजत होता. संध्याकाळी तो घराला लागूनच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू फेकायचा आणि व्हर्ना स्वयंपाकघरातून ओरडायची की बाबा रे, भिंत तुझ्या बापाची असली तरी कपाटातली कपबशी माझी आहे. जून महिन्यात बेसबॉलच्या क्लबांनी पाळीपाळीने पोरं वाटून घेतली, तेव्हा एका मोठ्या क्लबाने तिसऱ्याच फेरीत लाइलचं नाव पुकारलं. गावच्या न्हाव्याने त्या दिवशी सगळ्यांची दाढी फुकट केली.

निवड झाली म्हणजे काम फत्ते झालं असं नव्हे. सही करायची तर सहीचे पैसे ठरायला हवेत. ते ठरवायला क्लबाचा माणूस घरी आला. तो हॉलिस टॅकेट. चार राज्यांतल्या शाळांची मैदानं धुंडाळत पोरं हेरणं हा त्याचा धंदा. बुटका, घामेजलेला, मागच्या सीटवर धुतलेले शर्ट टांगलेली जुनी गाडी घेऊन फिरणारा. पहिल्या भेटीत त्याने वीस हजार डॉलर सांगितले. ऑर्व्हलच्या मनात तीस होते. ते त्याने एकदाच सांगितले आणि मग तोंड मिटलं. ज्याने दुसऱ्यांदा आकडा उच्चारला तो मेला, हे त्याचं बाजारातलं शास्त्र. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हॉलिसही काही कच्चा नव्हता. मग काय, सगळा उन्हाळा हे दोघं ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. दर रविवारी हॉलिसची गाडी अंगणात यायची. चर्चहून आल्यावर व्हर्ना पीच चिरून, दूध आटवून पॉट लावायची, आणि आइसक्रीमच्या पॉटाचं हँडल फिरवायला हॉलिस स्वतःहून बसायचा. बर्फावर मीठ टाकायला लाइल. ऑर्व्हल खुर्चीत. बोलणं पावसावर व्हायचं, गव्हाच्या भावावर व्हायचं, हॉलिसच्या दुखऱ्या गुडघ्यावर व्हायचं. आइसक्रीम जमलं की चौघं वाट्या घेऊन पायऱ्यांवर बसायचे. सहीचा विषय कोणी काढायचा नाही. वाटी पुसून हॉलिस उठायचा, व्हर्नाला म्हणायचा, बाई, तुमच्या हाताला चव आहे, आणि निघून जायचा. ऑर्व्हलला पुढे आयुष्यात सुखाचे दिवस आठवायला सांगितलं असतं तर त्याने तेच रविवार सांगितले असते. त्या वेळी मात्र त्याला वाटायचं की आपण लढाई लढतोय.

व्हर्नाला हे पसंत नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, एवढं तिचं साधं म्हणणं. एकदा लाइलनेही धीर केला.

"बाबा, मला वीसही चालतील. मला खेळायचंय."

"तुला चालतील रे," ऑर्व्हल म्हणाला. "पण स्वस्तात गेलेल्या जनावराला कोणी जपत नाही. पाय मुरगळला की खाटकाकडे. महागाचं असलं की डॉक्टर बोलावतात. तू त्यांच्याकडे स्वस्तात जायचं नाहीस."

यात खोटं काहीच नव्हतं. क्लबांनी ज्याच्यावर पैसे लावले त्यालाच ते पुन्हापुन्हा संधी द्यायचे, हे हॉलिसही नाकारत नसे. ऑर्व्हलला स्वतःसाठी एक पैसा नको होता. पोराला जपलं जावं एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मिळवायची एकच रीत त्याला येत होती.

ऑगस्ट सरत आला. तेव्हाचा नियम असा की पोरगा कॉलेजच्या पहिल्या तासाला जाऊन बसला की क्लबाचा त्याच्यावरचा हक्क संपला. मग तीन वर्षं कोणत्याही क्लबाने त्याला विचारायचं नाही. लाइलला कॉलेजात जागा मिळालेली होतीच. ऑर्व्हलच्या हातातला तो हुकमाचा पत्ता होता. क्लबाला घाम फुटेल तर त्याच दिवशी, दाराच्या तोंडाशी, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

त्या सकाळी बापलेक कॉलेजच्या इमारतीसमोर उभे राहिले. रस्त्यापलीकडे झाडाखाली हॉलिसची गाडी होती आणि गाडीला टेकून हॉलिस. ऑर्व्हलने मुलाला खूण सांगून ठेवली. पायऱ्या चढ, दारात थांब, मागे वळून बघ. मी हॅट डोक्यावरून काढली तर परत ये, सौदा झाला. नाही काढली तर आत जा.

लाइल गेला. दारात थांबला, वळला. पोरं त्याला चुकवून आत शिरत होती.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे हॉलिसने हॅटच्या कडेला बोट लावलं.

ऑर्व्हलने ते लगेच टिपलं. वाढवली. बोली वाढवली याने. ज्याने एकदा वाढवली त्याच्या खिशात आणखी एक पायरी असते, हेही बाजाराचंच शास्त्र. थांब, घाई नको. तो हॉलिसच्या हाताकडे डोळे लावून उभा राहिला. हात खालीच राहिला. घंटा झाली. ऑर्व्हलने वळून पाहिलं तेव्हा दार लागलं होतं.

हॉलिस रस्ता ओलांडून सावकाश आला.

"किती?" ऑर्व्हलने विचारलं. "पंचवीस? काय ते बोल. मी आत जाऊन पोराला बाहेर काढतो, अजून कोणी बसलंही नसेल."

"काय किती?"

"तू हॅटला हात लावलास."

हॉलिसला काही उमगेना. तो ओहायोचा, गिरणीकामगाराचा मुलगा. गुरांच्या बाजारात त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"मी निरोप घेत होतो, ऑर्व्हल," तो म्हणाला. "क्लबाने सांगितलं, वीसच्या वर दमडी नाही. ते वीस दार लागेपर्यंत तुझेच होते. मला वाटलं, तू ठरवलंयस. म्हणून म्हटलं, चला, रामराम करावा."

तो हसला नाही. कधीच कोणाला ही गोष्ट सांगून त्याने हशा मिळवला नाही, आणि त्याच्या धंद्यातल्या माणसांत असली गोष्ट सोन्याच्या मोलाची होती. ऑर्व्हल त्याबद्दल त्याचे उपकार मानत राहिला. घरी येऊन त्याने व्हर्नाला सगळं सांगितलं. ऐकून ती उठली. पॉट धुऊन माळ्यावर ठेवून आली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं तिने म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात लाइलचा खांदा गेला. क्लब पुन्हा विचारायला यायच्या आतच गेला. तो घरी आला, परगण्याच्या रस्ते खात्यात लागला, आणि तेव्हापासून ग्रेडर चालवून मातीचे रस्ते सारखे करतो आहे. लग्न झालं, मुली झाल्या. भेटला की केबिनमधून डावा हात वर करतो, पण खांद्याच्या वर तो जात नाही. बापाला त्याने कधी एका शब्दाने टोचलं नाही. आईकडून त्याला हॅटची हकिकत कळली होती, तरीही नाही. ऑर्व्हलला तेच सोसवत नसे. ओरडला असता, भांडला असता, तर हिशेब मिटला असता.

हॉलिस मात्र येत राहिला. दर जुलैत एक रविवार, काही काम नसताना. पहिल्या वर्षी तो अंगणात उभा राहिला तेव्हा व्हर्ना निमूट माळ्यावर चढली आणि पॉट खाली घेऊन आली. तो हँडल फिरवायचा, आइसक्रीम खायचा, निघताना हॅटला हात लावायचा आणि लावता लावता थबकून तोंडाने म्हणायचा, "हा निरोप हं, ऑर्व्हल." मग दोघं एकदमच दुसरीकडे बघायचे. पुढे एका जुलैत त्याच्याऐवजी त्याच्या बहिणीचा फोन आला.

शेवटची गाय म्हातारी होती, कोणी फारसं उत्सुक नव्हतं. ऑर्व्हलने तिच्यासाठीही सूर लावला, जितका आवाज उरला होता तितका. ती विकली गेली आणि त्याने हातोडी टेबलावर आडवी ठेवली. लोक येऊन हात मिळवून गेले. निळ्या शर्टाच्या पोराने हॅट काढून, मोठ्याने, "हा निरोप आहे, साहेब," असं सांगितलं आणि सगळे पुन्हा हसले. ऑर्व्हलही हसला. मग बाक रिकामे झाले.

लाइल खाली आला. साठीला टेकलेला, गुडघे धरून पायऱ्या उतरणारा त्याचा मुलगा.

"चला बाबा. दमलात."

"बस जरा," ऑर्व्हल म्हणाला. लाइल बसला. रिंगणात लाकडाच्या भुशावर खुरांचे ठसे होते, दोघं तिकडेच बघत राहिले.

"त्या दिवशी," ऑर्व्हल म्हणाला, "कॉलेजच्या दारात. तू किती वेळ उभा होतास?"

लाइलला कोणता दिवस म्हणून विचारावं लागलं नाही. "घंटा होईपर्यंत."

"हॅट बघत होतास?"

"नाही. हॅट नंतर. आधी तुम्हाला बघत होतो." तो थांबला. "तुम्ही बघतच नव्हता माझ्याकडे. हॉलिसकडे बघत होता."

ऑर्व्हलने काठी दोन्ही हातांनी धरली.

"पैशांचं मला कधीच काही वाटलं नाही, बाबा. खांदा तिकडेही गेला असता. पण तुम्ही एकदा वर बघितलं असतं ना, तर हॅट नसती काढली तरी मी खाली आलो असतो. कळलं असतं तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघून." हे त्याने रस्त्यावरचा खड्डा सांगावा तसं सांगितलं, आणि उठला. "गाडी दाराशी आणतो. तुम्ही चालू नका एवढं."

तो निघून गेला. ऑर्व्हल काठी टेकत दारापर्यंत आला. आयुष्यभर त्याने माणसांच्या भुवया वाचल्या होत्या, बोटं वाचली होती. परक्या माणसाच्या ओठातली काडी हलली तरी त्याला कळायचं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्याला रडू आलं.

बाहेर ऊन होतं. मैदानात गुरांचे ट्रक एकेक करून निघत होते, धूळ उडत होती. पार पलीकडे लाइल गाडीशी पोचला होता. त्याने दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि सवयीने बापाकडे वळून पाहिलं.

ऑर्व्हलने हॅट काढली. घाम पुसायला नाही, वारा घ्यायलाही नाही. सरळ डोक्यावरून काढून छातीशी धरली, आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. मध्ये एक ट्रक आला, धुरळा आला, तरी त्याने डोळे हलवले नाहीत.

धुरळा बसला तेव्हा गाडीचं दार उघडंच होतं आणि लाइल मैदान ओलांडून परत येत होता. घाई न करता, पण सरळ.

"काय हो बाबा?" जवळ आल्यावर त्याने विचारलं. "काही राहिलं का?"

"नाही," ऑर्व्हल म्हणाला. "आलास ना, झालं."

लाइलने त्याच्या हातातली हॅट घेतली, तिच्यावरची धूळ झटकली आणि स्वतःच्या काखेत धरली. मग दोघं मिळून, ऑर्व्हलच्या चालीने, गाडीपर्यंत चालत गेले.