प्लास्टिकखालचा दिवाण

टक्. डब्याचं झाकण उघडलं आणि आमच्या शोरूमची शांतता मोडली.

मित्रांनो, मी एक जुना दिवाण आहे. जुना, पण न वापरलेला. श्रीपती मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं, पाठीवर वेल कोरली, आणि प्रभाकररावांनी मला नारायणगुड्यातल्या आपल्या फर्निचरच्या शोरूममध्ये दर्शनी काचेमागे मांडलं. गादीवर जाड प्लास्टिक, वर पाटी : 'कृपया हात लावू नये.' लोक यायचे, "क्या बात है" म्हणायचे आणि जायचे. कौतुक पुष्कळ झालं, पण माझ्यावर कुणी टेकलं नाही. पुढे तर लोक मोबाइलवरच फर्निचर बघू लागले.

त्या दुपारी प्रभाकररावांची सून माधवी शाळेतून आणलेल्या आपल्या लेकीला, पल्लवीला, चक्क प्लास्टिक काढून माझ्यावर बसवून दहीभात भरवत होती.

"माधवी, तो माल आहे गं."

"माल म्हणूनच पडून आहे, मामंजी. घरं सजवणारी माझी मित्रमंडळी नमुन्यांच्या पिशव्या घेऊन कुठे कुठे भेटत फिरतात. शनिवारी इथेच बसू देत की."

"शोरूम आहे का इराणी हॉटेल?"

"एकच शनिवार. नाही जमलं, तर प्लास्टिक मीच परत चढवते."

माझं सगळं त्या शनिवारवर आलं.

शनिवारी घरांचे आराखडे काढणारी शिल्पा फरशीचे तुकडे घेऊन आली, पडदेवाला आदर्श सुलतान बाजारातून कापडं घेऊन आला. श्रीपती मिस्त्रीही आले. "काय रे, अजून इथंच?" म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. सगळे मांडी घालून माझ्यावर बसले.

"तुझा निळा माझ्या फरशीवर रडतोय," शिल्पा म्हणाली.

"तुझी फरशीच रडकी, त्याला मी काय करू?" म्हणत आदर्शने हात उडवला, आणि चहाचा ग्लास माझ्या गादीवर आडवा झाला.

"माफ करो काका, ध्यान नाही राहिलं," आदर्श पुटपुटला. माधवीचा हात कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या गुंडाळीकडे गेला.

प्रभाकरराव आले. डाग बघितला. मग चपला काढल्या.

"सरका जरा. डाग पडलाच आहे, तर मीही बसून घेतो. आणि चहा सांगा परत, हा तर या दिवाणानेच प्यायला."

तेव्हापासून दर शनिवारी माझ्यावर जागा पुरत नाही. कापड फरशीशी बोलतं, फरशी लाकडाशी, आणि माणसं सगळ्यांशी. मित्रांनो, घरातल्या वस्तू जपा, पण अशा जपू नका की त्यांना तुमची ऊबच कळू नये. बसा, लोळा, सांडलं तर पुसा.

परवा एक बाई ती गर्दी बघूनच आत आल्या. "मला हाच दिवाण हवा. डागासकट."

प्रभाकररावांचा चेहरा उजळला. ज्या दिवसाची मी जन्मभर वाट पाहिली, तो हाच. तेवढ्यात पल्लवीने माधवीचा पदर ओढला.

"आई, हा गेला तर दुकान कुठे बसणार?"

माधवीने मामंजींकडे बघितलं. मामंजींनी माझ्याकडे.