दहा पावलं मागे

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं मी लोकांना लाइन जोडून दिली. लाइन लागली की बाजूला व्हायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हा आमचा नियम. निवृत्त झाले, तरी खोड गेली नाही. रोज संध्याकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर तिघी मैत्रिणी फिरायच्या आणि मी त्यांच्या मागे दहा पावलं. पदपथ रुंद, वर गर्द सावली, गाड्यांची कटकट नाही. कान टवकारून चालायला याहून चांगला रस्ता नव्हता.

मास्तरीणबाईंचा गुडघा, बेकरीवालीची सून, शिंपीणबाईंच्या नवऱ्याचं घोरणं, सगळं मला तोंडपाठ. त्या हसल्या की मीही हसायचे, आवाज न करता. घरी बोलायला भिंती होत्याच.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. आठवड्याभरात झाडं गेली, पदपथ गेला, अंगावर येणारे ट्रक तेवढे उरले. तिघी यायच्या बंद झाल्या. मी चार दिवस एकटीनं चालून पाहिलं. मला फिरण्याची फार आवड, असं सगळ्यांना सांगत आले होते. कसली डोंबलाची आवड!

पाचव्या दिवशी मनाचा हिय्या केला आणि मास्तरीणबाईंच्या घराची बेल दाबली. घर कुठलं, तेही मला त्यांच्याच बोलण्यातून कळलेलं.

"गुडघा कसा आहे आता?" मी विचारलं.

त्या क्षणभर गोंधळल्या. "अगंबाई, मागून चालायच्या त्या ना तुम्ही? या, आत या!"

चहा झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "मला तुमच्यात यायचं होतं हो. पाच वर्षांपासून."

"मग हाक नाही का मारायची? आम्हाला वाटायचं, तुम्हाला एकटीनंच चालायला आवडतं. कितीदा थांबणार होतो, पण म्हटलं, उगाच कशाला त्रास द्या."

मी रिकामा कप बाजूला सारला. "आता तिघी कुठं भेटता?"

"कुठलं भेटणं! त्या रस्त्यावर जीव मुठीत धरून कोण चालणार? मुलानं हे आणून दिलंय." भिंतीकडे तोंड करून चालायचं यंत्र ठेवलं होतं. "बेकरीवालीनंही घेतलं. चढा, बघा तरी."

मी चढले. त्यांनी बटण दाबलं, पट्टा सरकू लागला. त्यांना जागा व्हावी म्हणून मी अंग चोरून कडेला झाले.

"मधोमध चाला," त्या खाली उभ्या राहूनच म्हणाल्या. "एकाच माणसाचं असतं ते."